दोन शहरांत सर्व्हर असतील तर डेटाबेसचा फेलओव्हर आपोआप नको

रावेर_रोड (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो. एक डेटाबेस सर्व्हर इथे आणि दुसरा लांबच्या शहरात असेल, तर स्टँडबायला (राखीव सर्व्हरला) प्रायमरी (मुख्य सर्व्हर) करायचा, म्हणजेच फेलओव्हरचा, निर्णय माणसानेच घ्यावा. स्क्रिप्टवर सोडू नये.

मी केळी खरेदीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. प्रायमरी जळगावात एमआयडीसीत, स्टँडबाय मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, रेप्लिकेशन (नोंदींची नक्कल) असिंक्रोनस, म्हणजे नक्कल पोचायची वाट न बघता प्रायमरी पुढे जाते. गेल्या मे महिन्यात भर दुपारी खोदकामात फायबर तुटली. मुंबईच्या स्क्रिप्टला जळगाव दिसेना, म्हणून तिने स्टँडबायला प्रायमरी करून टाकलं. पण जळगावचा सर्व्हर जिवंत होता. आवारातला वजनकाटा त्याच्यावरच लिहीत राहिला, आणि रावेर-सावद्याची केंद्रं मोबाईल नेटवरून मुंबईच्या सर्व्हरवर. असं ३८ मिनिटं चाललं. एकाच नंबरच्या पावत्या दोन-दोन शेतकऱ्यांच्या हातात गेल्या. पुढचे दोन दिवस आम्ही काट्याच्या चिठ्ठ्या पसरून हिशेब जुळवत होतो. एक म्हातारबाबा विचारत होते, "भाऊ, माझं वजन कोणतं खरं धरू?" त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर्व्हर नुसता बंद पडला असता तर ट्रक अर्धा तास उभे राहिले असते. ते परवडलं असतं.

धुळे_डीबीए

भाऊ, त्रास खरा आहे, पण दोष चुकीच्या ठिकाणी लावताय. तुमच्याकडे दोनच नोड, म्हणजे सर्व्हर, होते. समोरचा मेला की मधली तार तुटली, हे दोघांपैकी एकालाही कळू शकत नाही. तिथे तिसरा साक्षीदार लागतो.

आमच्याकडे पॅट्रोनी (पोस्टग्रेसचा फेलओव्हर सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे आणि एटसीडीचे (बहुमताने नोंद ठेवणाऱ्या छोट्या डेटाबेसचे) तीन नोड. लीडरची (प्रायमरी कोण याची) किल्ली एटसीडीत असते, मुदत ३० सेकंद, आणि दर १० सेकंदांनी ती नव्याने घ्यावी लागते. ज्या प्रायमरीला किल्ली नव्याने घेता येत नाही ती स्वतःहून पायउतार होते, तिच्यावर कोणी लिहू शकत नाही. तुमच्या त्या दुपारी जळगावची प्रायमरी आपणच थांबली असती आणि वजनकाट्यावर एरर दिसला असता. एकही पावती दुहेरी निघाली नसती.

आणि माणूस म्हणता, तो रात्री अडीचला कुठे असतो? फोन वाजणार, तो उठणार, लॅपटॉप उघडणार, व्हीपीएन लागणार नाही. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. माणसावर ठेवलंत तर चार-पाच रात्रींत ते संपतात.

रावेर_रोड

दादा, तिसरा साक्षीदार नव्हता ही आमची चूक, मान्य. पण साक्षीदार असूनही काय होतं ते बघा. २१ ऑक्टोबर २०१८, गिटहब, प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी साइट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचं नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. त्यांच्याकडे ऑर्केस्ट्रेटर हे फेलओव्हरचं सॉफ्टवेअर होतं, राफ्ट या पद्धतीने बहुमत घेणारं. त्याने रीतसर बहुमत घेतलं आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर नेल्या. पूर्वेकडची शेवटच्या काही सेकंदांची नोंद तिकडे पोचलीच नव्हती. मग दोन्हीकडे वेगवेगळा डेटा, परत फिरता येईना, आणि सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत. ४३ सेकंद कोणी काहीच केलं नसतं तर?

अमळनेरकर

गिटहब सांगितलंत तर गिटलॅबही (तशीच दुसरी साइट) सांगा. ३१ जानेवारी २०१७. तिथे यंत्र नव्हतं, माणूसच होता. रात्री उशिरापर्यंत रेप्लिकेशन दुरुस्त करत बसलेला, थकलेला. स्टँडबाय समजून त्याने प्रायमरीची डिरेक्टरी पुसली. ३०० जीबीच्या आसपास डेटा गेला, थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. रोजचा बॅकअपही आवृत्ती न जुळल्याने होत नव्हता, आणि तसं सांगणाऱ्या मेल नाकारल्या जात होत्या.

थकलेल्या माणसाच्या हाती दोन सारखेच दिसणारे टर्मिनल देणं मला कुठल्याही स्क्रिप्टपेक्षा धोक्याचं वाटतं.

भुसावळ_यार्ड

माझे वडील रेल्वेत होते, म्हणून हे लिहितो. एकेरी मार्गावर पूर्वी गोळा चालायचा. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या स्टेशनाकडे गाडी काढत नसे. दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेने जोडलेली, एक गोळा बाहेर असला की दुसरा निघतच नाही. एटसीडीतली किल्ली म्हणजे हाच गोळा.

पण तार तुटली तर? गोळा निघत नाही, गाडी उभी राहते. मग दोन्हीकडचे मास्तर बोलून, खात्री करून, कागदी परवान्यावर गाडी सोडतात. म्हणजे रोजचं काम यंत्राकडे आणि तार तुटल्यावरचा निर्णय माणसाकडे. तुम्ही दोघं एकाच व्यवस्थेचे दोन भाग सांगताय असं मला वाटतं.

नंदुरबार_तापी

तुमचं भांडण फेलओव्हरवर चाललंय, पण मला भीती त्याच्या आधीची वाटते. ज्याच्यावर जायचं तो स्टँडबाय धड आहे का, हे रोज कोण बघतं?

मिरचीच्या हंगामात आमची प्रायमरी पडली ती स्टँडबायमुळे. स्टँडबाय आठवडाभर बंद होता. त्याचा रेप्लिकेशन स्लॉट (त्याला काय पाठवायचं राहिलं याची खूण) वॅल फाइली (बदलांच्या नोंदी) धरून बसला, डिस्क भरली आणि चांगली चाललेली प्रायमरी थांबली. पोस्टग्रेस १३ पासून त्याला मर्यादा घालता येते, पण मूळ सेटिंग अमर्याद आहे, आपण हाताने बदलावी लागते.

अलार्मही होता. लॅग, म्हणजे स्टँडबाय जितका मागे आहे तो वेळ, पाच मिनिटांच्या वर गेला की मेसेज. तो आलाच नाही, कारण स्टँडबाय जोडलेला नसला की पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन या पोस्टग्रेसच्या यादीत त्याची ओळच नसते. ओळ नाही, तर लॅग कुठला? आता पहिला अलार्म ओळींच्या संख्येवर आहे. उलट, स्टँडबायवर शेवटच्या व्यवहाराची वेळ बघून लॅग मोजलात तर रात्री व्यवहार नसताना आकडा उगाच वाढतो, आणि महिनाभरात लोक तो अलार्म बंद करून टाकतात.

धुळे_डीबीए

ताई, ओळींचा मुद्दा आजच आमच्याकडे तपासतो. पण भुसावळच्या दादांशी मी पूर्ण सहमत नाही. तीन साक्षीदार तीन ठिकाणी असतील तर एक तार तुटून बहुमत जात नाही, मग मास्तर उठवायचा कशाला? आणि शेवटच्या सेकंदांची काळजी असेल तर रेप्लिकेशन सिंक्रोनस करा. प्रत्येक कमिट (नोंद पक्की होणं) थोडं हळू होईल, पण स्टँडबायवर पोचल्याशिवाय पावती छापली जाणार नाही.

रावेर_रोड

सिंक्रोनस मुंबईपर्यंत मला नको. लाईन अडखळली की काटा अडखळणार, आणि मे महिन्यात घड उन्हात उभे राहणार. म्हणून असं ठरवतोय: दुसरा सर्व्हर जळगावातच, विजेच्या वेगळ्या फीडरवर. तिथपर्यंत सिंक्रोनस, आणि त्या दोघांत फेलओव्हर आपोआप, एटसीडीचा तिसरा नोड गावातल्याच दुसऱ्या कार्यालयात ठेवून. इतपत तुमचं पटलं. मुंबईवर मात्र माणसाने हो म्हटल्याशिवाय जायचं नाही. यावरून मी हलणार नाही.

अमळनेरकर

मग त्या माणसासाठी पायऱ्या कागदावर छापून सर्व्हर खोलीच्या दारावर लावा. रात्री अडीचला कोणाला काही आठवत नाही. पहिली पायरी ही ठेवा: जळगावच्या सर्व्हरची वीज काढली का, आणि कोणी स्वतः जाऊन पाहिलं?