प्रश्नावलीत आमची सोलकढी कुठे बसते?

काहीजण म्हणतात की काय खावं यावर रिसर्चवाले सारखी पलटी मारतात, तेव्हा जे आवडतं ते खा. अर्धं पटलं. अंड्याचं झालंच की तसं, अमेरिकेच्या २०१५-२० च्या गाइडलाइन्समधून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा गेली. पण सगळाच रिसर्च एका मापाने मोजू नका हो.

बरेच मोठे अभ्यास प्रश्नावलीवर चालतात, वर्षभरात अमुक किती वेळा खाल्लंत वगैरे. आता आमच्या मालवणात आईला विचारा मासे आठवड्यातून किती वेळा, तर ती म्हणणार "खयच्या आठवड्यात रे?" कारण श्रावणात बंद, त्याआधी आषाढात ताजी मासळी नाही म्हणून सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर, आणि दिवाळीनंतर रोजच. खोबरं किती ग्रॅम? एक कवड वाटपात, दुसरी सोलकढीत, खाणारे सहा, त्यात धाकट्याने ताटातली कढी दोनदा मागून घेतलेली. करा हिशोब!

याउलट लोकांना ठरावीक तेल देऊन रक्त तपासलेले प्रयोग मला जास्त भरवशाचे वाटतात. त्यात खोबरेल तेलाने एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) इतर वनस्पती तेलांपेक्षा वाढतं हे पुन्हा पुन्हा दिसलंय, आपल्याला कितीही वाईट वाटलं तरी. अर्थात प्रयोगही चुकतात, स्पेनचा ऑलिव्ह तेलवाला २०१३ चा गाजलेला पेपर गट पाडण्यातल्या घोळामुळे २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त करून छापावा लागला. (निष्कर्ष साधारण तेच राहिले, भाषा मात्र मवाळ झाली.)

बाबांचं एलडीएल वाढलं तेव्हा आम्ही तळणीचं तेल बदललं. सोलकढी चालू आहे, तीन महिन्यांनी परत रिपोर्ट काढणार.