कराटे शिकवा, पण...

मुलांच्या लैंगिक शोषणावरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय, 'मुलींना कराटे शिकवा, प्रश्न मिटेल.' शिकवा की, माझी ना नाही. पण त्रास देणारा बहुतेकदा ओळखीतलाच निघतो: काका, शेजारी, शिकवणीचे सर. तिथे सातवीतली पोर लाथ मारेल? (त्या वयात मी तरी मारली नसती.)

मी डिचोलीकडच्या एका शाळेत शिकवते. वर्गात या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा 'मुलग्यांना बाहेर पाठवा' अशी सूचना आली. मी त्यांना बसवून ठेवलं. तास संपल्यावर एक मुलगा रेंगाळला. म्हणाला, "टीचर, मुलग्यानं सांगितलं तर सगळे हसतात ना?" पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, मुलग्यांनाही लागू आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. सहकाऱ्यांपैकीही दोघांना नव्हतं!

आपल्या गोव्याचा बाल कायदा २००३चा, म्हणजे २०१२च्या पॉक्सोच्याही आधीचा. शिवाय पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवावंच लागतं. 'शाळेचं नाव जाईल, आपसांत मिटवू' असं म्हणून माहीत असलेला गुन्हा दडपला, तर दडपणाऱ्यालाच शिक्षा.

१०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलाय. कोणीतरी पुसतं, मी परत लिहिते.