मदत हवी आहे: केबल काढून लावली की कंटेनरला सिरियल पोर्ट सापडत नाही
मंडळी, तापमान मोजणारा एक बोर्ड यूएसबी-सिरियलवर जोडलाय आणि त्याचे आकडे वाचणारा पायथन प्रोग्रॅम डॉकर कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) आहे. सुरू करताना डिव्हाइस म्हणून टीटीवाययूएसबी० (लिनक्सने या पोर्टला दिलेलं नाव) दिलं की छान चालतं. (आधी 'परमिशन डिनाइड' यायचं, ते सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट ग्रुपचा क्रमांक दिल्यावर मिटलं.) पण केबलला जरा धक्का लागला की होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, तोच बोर्ड टीटीवाययूएसबी१ होऊन बसतो आणि कंटेनर बिचारा जुन्याच नावाला चिकटलेला. बाय-आयडीची लिंकही (बोर्डाच्या ओळखीवरून बनणारं, न बदलणारं नाव) देऊन पाहिली. ती कंटेनर सुरू होतानाच एकदा खऱ्या नावात उलगडते, पुढे उपयोग शून्य.

प्रिव्हिलेज्ड मोड (कंटेनरला होस्टच्या सगळ्या डिव्हाइसची मोकळीक) लावायचं जिवावर येतं. होस्टचं अख्खं डेव्ह फोल्डर (जिथे सगळी डिव्हाइस दिसतात) कंटेनरमध्ये माउंट करून सीग्रुपच्या, म्हणजे कंटेनरला काय वापरता येईल ते ठरवणाऱ्या, नियमात मेजर क्रमांक १८८ (यूएसबी-सिरियल पोर्टांचा क्रमांक) मोकळा केला, तर तेवढ्यावर भागेल का? कुणी असं चालवलंय?