मोबियसच्या आधीचा 'जिर'
फ्रेंच कॉमिक्स चित्रकार मोबियस म्हणजे फक्त सायफायवाला असं कुणी म्हटलं, तर ते मला अर्धंच पटतं. हाच माणूस, खरं नाव जाँ जिरो, १९६३ पासून 'पिलोत' या फ्रेंच कॉमिक साप्ताहिकात लेखक शार्लिएच्या कथेवर 'ब्लूबेरी' ही वेस्टर्न (काउबॉय) चित्रकथा काढायचा आणि खाली सही करायचा 'जिर'. धूळ, घोडे, घामेजलेले चेहरे, सगळं ब्रशच्या जाड फटकाऱ्यात. मग १९७५ मध्ये मित्रांबरोबर 'मेताल उर्लां' हे कॉमिक मासिक सुरू केलं नि त्यात 'आर्झाक' ही चित्रकथा आली, एकही संवाद नाही, नुसता उंच टोपीवाला गडी टेरोडॅक्टिलसारख्या (प्राचीन उडत्या सरड्यासारख्या) अजस्र प्राण्यावर बसून ओसाड जमिनीवरून उडतोय, आणि रेष एकदम बारीक, पेनाची. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघाच, मी कितीतरी वेळ नुसता खडकच बघत बसलो होतो, वाळवंट मात्र दोन्हीकडे आहेच.