ट्रॅकवर पळवलेल्या गाडीचं इंजिन ऑईल नक्की कधी बदलायचं?

होटगीरोड_टीएसआय

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पोलो जीटी टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल आहे २०१७ ची, ६२ हजार झालंय. रोजचं रनिंग म्हणजे जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि परत, महिन्यातनं एखादी पुण्याची चक्कर. मागच्या वर्षी मित्राच्या नादानं चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर एक ट्रॅक डे केला, म्हणजे आपलीच गाडी दिवसभर ट्रॅकवर पळवायची, आणि तेव्हापासून डोक्यातनं जाईना, यंदा परत एक केला, आता कोईम्बतूरच्या करी स्पीडवे या ट्रॅकला जायचंय.

माझा प्रश्न असा की मॅन्युअलमध्ये ऑईल १५ हजार किमी किंवा एक वर्षानं बदला असं लिहिलंय. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो वर्षातनं एकदा बास, ट्रॅकवर असं किती फिरलात, शंभर किमी, त्यानं काय होतंय. आणि मित्र म्हणायलाय प्रत्येक ट्रॅक डे झाला की ओतून टाक. ५डब्ल्यू-४० ग्रेडचं (हा ऑईलच्या जाडीचा आकडा) फुल सिंथेटिक टाकतो, फिल्टर धरून चार-साडेचार हजार जातात, ते दरवेळी घालायचे म्हणजे विचार करावा लागतो ना. पण इंजिन बांधायची वेळ आली तर ते मला झेपणार नाही, हेही तितकंच खरं. मागच्या वेळी परत आल्यावर डिपस्टिक काढली तर लेव्हल अर्ध्यावर आली होती आणि ऑईलला किंचित पेट्रोलचा वास येत होता. ऑईल चार हजार किमी चाललेलंय. बदलू का आत्ता, का चालेल अजून?

विजापूरवेस_गॅरेज

भावा, मी पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय, आधी एक सांगतो, किलोमीटर बघूच नको. ऑईल गरमीनं मरतं. हायवेला शंभरनं जाताना ऑईल ९० ते १०० डिग्रीला असतं, ट्रॅकवर चार लॅप झाले की १२०-१३० सहज, आपल्याकडच्या एप्रिल-मे मधल्या ४२ डिग्रीत तर बोलायलाच नको. ढोबळ हिशेब असा की दर १० डिग्री वाढली की ऑईल खराब व्हायचा वेग दुप्पट होतो. म्हणजे १०० च्या जागी १३० झालं तर दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट. इरुंगट्टुकोट्टईचा लॅप ३.७ किमीचा, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार सेशन धरले तर तासभर गाडी पळते, २७ लॅप, शंभर किमी. तो एक तास म्हणजे रस्त्यावरचे आठ तास, सरासरी साठनं पाचशे किमीच्या आसपास. त्यात सतत साडेपाच-सहा हजार आरपीएमनं ऑईल चिरडलं जातं आणि पेट्रोल मिसळतं ते वेगळं, म्हणून मी डबल धरतो. एक ट्रॅक डे म्हणजे हजार किमी. आणि अशा गाडीचं ऑईल या हिशेबानं पाच हजार झाले की काढायचं.

तुझं चार हजार अधिक ट्रॅकचे हजार, भरलं. बदल. सर्व्हिस सेंटरवाला खोटं बोलत नाही, तो ऑफिसला जाणाऱ्या गाडीचं सांगतोय. तुझ्या मित्राचंही चूक नाही पण दरवेळी गरज नसते.

टायरचा_वास

काकांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. तो आठपटीचा हिशेब चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतल्या ऑईलच्या टेंपरेचरवर आहे. टर्बोच्या बेअरिंगमधनं जाणारं ऑईल, पिस्टनच्या रिंगपाशी चिकटलेलं ऑईल, ते १३० च्या कितीतरी वर असतं. म्हणून मी टर्बो गाडीत प्रत्येक ट्रॅक डेनंतर बदलतो, वर्षात दोनच होतात, पैसे टायरवर जातात त्यापुढे हे काहीच नाही.

पण खरं सांगू का, बदलण्यापेक्षा लेव्हल महत्त्वाची आणि ती कोणी बघतच नाही. माझी आधीची गाडी साधी नॉन-टर्बो होती, ऑईल नवंकोरं, फक्त सहाशे किमी चाललेलं. दुसऱ्या सेशननंतर डिपस्टिक बघायचा कंटाळा केला. तिसऱ्या सेशनला लांब उजव्या वळणात ऑईलचा लाल दिवा लागला आणि विझला, एक सेकंद असेल, मला वाटलं सेन्सर. वळणात सगळं ऑईल चेंबरच्या एका बाजूला जातं, लेव्हल कमी असली की पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. पुढच्या महिन्यात खालनं खटखट सुरू झाली, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं, क्रँकवर चरे. ऑईल नवीन होतं तरी. तो खटखट आवाज अजून कानात आहे.

म्हणून प्रत्येक सेशननंतर गाडी सपाट जागेवर, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक. लेव्हल वरच्या खुणेपाशी, खुणेच्या वर मात्र नाही, नाहीतर क्रँक ऑईल घुसळतो आणि फेस होतो. त्याच ऑईलचा एक लिटरचा डबा डिकीत कायम.

सात_रस्ता_लॅब

मी केमिकलवाला आहे म्हणून दोन शब्द. ऑईल काळं झालं म्हणून खराब आणि सोनेरी आहे म्हणून चांगलं, हे डोक्यातनं काढा, काळं होणं म्हणजे ते काजळी उचलतंय, त्याचं कामच ते. खरं बघायचं ते जाडी. ४० ग्रेडचं ऑईल १०० डिग्रीला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या (जाडीचं माप) मधे असलं पाहिजे, १२.५ च्या खाली गेलं की ते ३० ग्रेडचं झालं, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. मी माझ्या टर्बो पेट्रोलचं वापरलेलं ऑईल दोन ट्रॅक डेनंतर तपासायला दिलं होतं, ११.९ आलं, पेट्रोल मिसळलेलं होतं. लोखंड आणि तांब्याचे आकडे मात्र ठीक होते, म्हणजे झीज सुरू झाली नव्हती.

तुमच्यासारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ते भिंतीवर बसतं आणि रिंगमधनं खाली उतरतं, तुम्हाला वास आला तो त्याचाच. त्यात आपल्यासाठी एक बरं आहे, चेन्नईहून सोलापूरला येताना गाडी तासन् तास गरम चालते त्यात त्यातलं बरंचसं पेट्रोल उडून जातं. उलट घर ते एमआयडीसी अशा छोट्या फेऱ्यांत ते उडत नाही, साठत जातं. आणि एक धोका, ऑईल जळून कमी होतंय आणि पेट्रोल मिसळून वाढतंय असं दोन्ही चालू असेल तर लेव्हल बरोबर दिसते आणि आत ऑईल पाण्यासारखं पातळ असतं. म्हणून नुसती लेव्हल नाही, वासही घ्या.

एकदा लॅबला सॅम्पल द्याच, निथळताना मधल्या धारेचं घ्यायचं, पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो. मग तुमच्या गाडीचा आकडा तुम्हाला कळेल, आमच्या कोणाच्या अंदाजावर चालायची गरज नाही.

होटगीरोड_टीएसआय

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी बदलतोय आणि सॅम्पलही भरून ठेवतो. काका, एक राहिलं, मित्र म्हणतो ट्रॅकसाठी १०डब्ल्यू-६० टाक, जाड असतं, टिकतं. टाकू का?

विजापूरवेस_गॅरेज

नको. तुझ्या इंजिनाला डब्यावर फोक्सवॅगन ५०२ ०० हे कंपनीचं मानक लिहिलेलं ५डब्ल्यू-४० च बरोबर आहे. ६० नं सकाळी थंड गाडी उठवताना टर्बोपर्यंत ऑईल पोचायला वेळ लागतो आणि तू वर्षातले साडेतीनशे दिवस एमआयडीसीलाच जातोस. त्यापेक्षा सेशनचा शेवटचा लॅप हळू काढ, पिटमध्ये आल्या आल्या चावी बंद करू नको, दोन मिनिटं इंजिन चालू ठेव, नाहीतर टर्बोत थांबलेलं ऑईल जळून कोळसा होतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन टाक, जुनाच उलटा करून बसवतात त्यांचं ऐकू नको. आणि करीला जायच्या आधी बदलशील, आल्यावर नाही. जुन्या ऑईलवर ट्रॅकवर उतरायचं नाही. ब्रेक ऑईल कधी बदललंयस? दोन वर्षं झाली असतील तर तेही त्याच दिवशी कर, ते पाणी ओढतं. नवीन डॉट ४ ब्रेक ऑईल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी ओढलेलं १५५ ला उकळू शकतं, आणि मग ब्रेकचं पेडल थेट खाली जातं. शनिवारी संध्याकाळी गाडी लावून जा, रात्रभर थंड होऊ दे, सकाळी थोडी गरम करून ऑईल सोडू.