नुसत्या फोटोवरून नवी जात ठरत नाही

पुरंदरच्या कड्यावर दिसलेलं मांसल (पानाखोडात पाणी साठवणारं) झाड नवीन जातीचं असेल, तर चांगला फोटो आणि वर्णन पुरे नाही का, असं एकाने विचारलंय. नाही पुरत. नव्या नावाला आधार म्हणून एक टाइप नमुना, म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं जातं असा जतन केलेला, बहुधा वाळवलेला नमुना, हर्बेरियममध्ये (वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहालयात) ठेवावाच लागतो. वर्णन लॅटिनमध्ये असण्याची सक्ती मात्र 2012 पासून गेली.

मांसल झाडाचा नमुना वाळवणं हीच खरी परीक्षा आहे. पानफुटीचं पान लहानपणी वहीत ठेवलं असेल तर आठवेल, आठवड्याभरात कडेला रोपं फुटायची! मांसल झाडं कागदात दाबली तरी मरत नाहीत, वाढत राहतात किंवा कुजतात. म्हणून आधी उकळत्या पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये बुडवतात, जाड खोड उभं चिरून गर काढतात आणि फुलं स्पिरिटमध्ये वेगळी ठेवतात, कारण दाबल्यावर त्यांचा आकार हरवतो. ताज्या फुलाचे रंग आणि मापं जागेवरच टिपून घ्यायची.

शिवाय ऋतू. आपली शिंदळ माकुडी ही मांसल वनस्पती, जिचं वर्णन 1860च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेलने केलं, पावसाळ्यात पानांनी भरलेली असते. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या कांड्या उरतात. एकाच फेरीत पाहणारा सहज फसेल.

तेव्हा कृपा करून झाड उपटू नका, नेमकी जागाही इथे लिहू नका. अशी झाडं चोरीला जातात. फोटो घेऊन पुण्यातल्या कोरेगाव रोडवरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. मीही यायला तयार आहे.