मदत हवी आहे: औषधाची पातळी तपासायचे नमुने घाटापलीकडे कसे पाठवता?

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी तक्ता करतेय. कणकवलीहून नमुने कोल्हापूरला जातात. दरड कोसळली की दिवस जातो.

फेनिटॉइनचं (फिटवरचं औषध) रक्त पुढच्या डोसच्या आधी, साध्या लाल झाकणाच्या नळीत. जेलच्या नळीत पडून राहिलं तर जेल औषध शोषू शकतं, पातळी खोटी कमी दिसते. लिथियम (मनोविकारावरचं औषध) शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी, पण लिथियम हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं द्रव्य) नळीत कधीच नको, नळीतलंच लिथियम मोजलं जातं. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) डोसनंतर किमान 6 तासांनी. डोसची आणि रक्त काढल्याची नेमकी वेळ फॉर्मवर नसेल तर आकड्याला अर्थच नाही, हे तर ठासून शिकवायला हवं.

सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) वेगळं करून 2 ते 8 अंशांत ठेवल्यावर वीज गेली तर काय करता? आणि नळी बर्फाला थेट टेकू नये म्हणून डब्यात काय घालता?